उशाकडच्या भिंती

१४ मे, मंगळवार. दुपारी सव्वाबारा. जळकोट तालुक्यातलं मुलींचं वसतिगृह, तळमजला, झोपायची खोली क्रमांक दोन.

हजर: संस्थेचे सचिव मन्मथअप्पा. वसतिगृहाच्या रेक्टर रेखाताई. नांदेडहून आलेले स्ट्रक्चरल इंजिनिअर सय्यद सर. इलेक्ट्रिशियन बालाजी, ड्रिल मशीनसह. आणि मी, या इमारतीची आर्किटेक्ट.

गैरहजर: लिंबाजी मिस्त्री. ही भिंत त्यांनीच बांधली होती. त्यांना बोलावलं नव्हतं.

बालाजीनं पलंगाच्या वर हातभर अंतरावर बिट टेकवलं आणि मशीन सुरू केलं. आधी प्लास्टरची पांढरी भुकटी आली, मग विटेची लाल. मी बिटवर साडेतीन इंचांची खूण करून ठेवली होती. खूण भिंतीत गेली. त्या क्षणी बिट सुटून आत पडायला हवं होतं, कारण तिथे वीट संपते आणि पोकळी सुरू होते. बिट पडलं नाही. लाल भुकटीच्या मागून करडी भुकटी येऊ लागली.

"थांब," मी म्हटलं.

"म्याडम, आत भरीव हाय," बालाजी म्हणाला.

ते मलाही दिसत होतं.

आता थोडं मागे जाऊन सांगते, नाहीतर या भुकटीच्या रंगाचं एवढं काय ते कळणार नाही.

लातूरला माझं ऑफिस आहे. वीस-बावीस वर्षं मी एकाच प्रकारची कामं घेते. त्यांना लोक ग्रीन बिल्डिंग म्हणतात. माझी व्याख्या साधी आहे: सामान कमी लागलं पाहिजे, वीज कमी लागली पाहिजे आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता माणसाला आत बसता आलं पाहिजे. आमच्याकडे तिसरी अट सर्वांत अवघड.

या वसतिगृहासाठी मी रॅट-ट्रॅप बाँडच्या भिंती घेतल्या होत्या. नेहमीच्या भिंतीत वीट आडवी बसते. यात ती कडेवर उभी करतात. बाहेरून एक थर, आतून एक थर, आणि मधे तीन इंच मोकळी जागा. बाहेरून पाहिलं तर साधी नऊ इंची भिंत. पण विटा कमी लागतात, वजन कमी होतं, आणि मधली हवा बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. हा भाग भूकंपाच्या पट्ट्यातला आहे, म्हणून कोपऱ्यांत आणि दारं-खिडक्यांच्या कडेला त्या पोकळीत सळई सोडून काँक्रीट भरतात. बाकी सगळी भिंत पोकळ.

भिंत हलकी म्हणून पायाही बेताचा. खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर वजन जितकं कमी तितकं बरं. सय्यद सरांनी पाया तळमजला अधिक एक, अशा हिशोबानं काढून दिला होता. आधी खाली चोवीस मुली. पुढच्या टप्प्यात वर आणखी चोवीस. आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरच्या मुली सातवीनंतर घरी बसतात, कारण हायस्कूल लांब आणि एसटी बेभरवशाची. त्यांच्यासाठी ही इमारत होती. वरच्या चोवीस मुलींची यादी रेखाताईंच्या रजिस्टरमध्ये तयार होती. काम मेमध्ये सुरू करायचं, दिवाळीनंतर मुली वर राहायला येतील, असं घरोघरी सांगून झालं होतं.

सगळं सुरळीत चाललंय असं मी धरून चालले होते. एप्रिलच्या शेवटी रेखाताईंचा फोन आला. त्या नायगावकडच्या. स्पष्ट बोलतात.

"म्याडम, तुम्ही म्हणला होता पंखा पुरे होईल."

"हो. का?"

"पोरी भिंतीला ओल्या ओढण्या लावून राहिल्या. या एकदा बघायला. दुपारीच या. सकाळी येऊन छान छान म्हणून जाऊ नका."

दुपारी गेले. खरंच, प्रत्येक पलंगाच्या वर दोन खिळे आणि त्यांवर ओली ओढणी. एक मुलगी बादलीत ओढणी बुडवत होती. ती मला म्हणाली, "बाई, भिंत तापलालीय. डोकं टेकवलं की चटका बसतो."

मी भिंतीला हात लावला. मग स्वयंपाकघरात जाऊन तिथल्या भिंतीला लावला. स्वयंपाकघर पश्चिमेला आहे. दुपारचं सगळं ऊन त्याच्यावर. नियमानं ती भिंत जास्त तापायला हवी. ती गार होती.

त्या दिवशी वहीत लिहिलं: १) झोपायच्या खोल्यांच्या भिंती तपासणे. २) ड्रिल. ३) सय्यद सरांना सोबत घेणे. ४) वरच्या मजल्याचं काम तोपर्यंत थांबवणे.

तर चौदा मेला परत येते.

आम्ही अकरा ठिकाणी भोकं पाडली. मी वहीत दोनच रकाने केले होते, 'पडलं' आणि 'पडलं नाही'. स्वयंपाकघर, कोठी, व्हरांडा: पडलं. ऑफिस: पडलं. तिन्ही झोपायच्या खोल्या: पडलं नाही. पण खोली दोनमध्येच समोरच्या भिंतीला, जिथे अभ्यासाची टेबलं आहेत, बिट बरोबर खुणेवर आत पडलं. बालाजीचा तोलच गेला.

मन्मथअप्पा हात मागे बांधून बघत होते. उदगीरचे आडत व्यापारी, सत्तरीचे, कपाळावर भस्म. जमीन त्यांनीच दिलेली.

"मिस्त्रीनं माल खाल्ला की काय?" त्यांनी विचारलं.

सय्यद सर हसले नाहीत. "अप्पा, खाल्ला नाही. जास्तीचा घातलाय."

"म्हणजे?"

"मधली पोकळी भरलीय. विटांचे तुकडे आणि पातळ काँक्रीट."

"आसला चोर मी पैल्यांदाच बघलालो," अप्पा म्हणाले. "आपल्याकडून न्यायचं सोडून आपल्याच भिंतीत घालून गेला."

रेखाताई म्हणाल्या, "अप्पा, हसू नका. पोरी भाजून राहिल्या."

चहा आला. मी तोपर्यंत नकाशा पलंगावर पसरला आणि वहीतली भोकं पेन्सिलनं त्यावर मांडली. भरीव असेल तिथे काळा ठिपका, पोकळ असेल तिथे रिकामं वर्तुळ. आळस असता तर तो ठरावीक जागी दिसला असता. चूक असती तर ती सगळीकडे विखुरलेली दिसली असती. इथे तसं काहीच नव्हतं. बाहेरच्या भिंतीही भरलेल्या, आतल्याही भरलेल्या. मधे टेबलांची भिंत सोडलेली.

सगळ्यात विचित्र रेखाताईंची खोली. एका भिंतीला काळा ठिपका, तिच्या समोरच्या भिंतीला रिकामं वर्तुळ.

"रेखाताई, तुम्ही कोणत्या बाजूला डोकं करून झोपता?"

"काय म्हणालात?"

"डोकं. झोपताना."

त्यांनी बोट दाखवलं. काळा ठिपका.

मी पुन्हा नकाशाकडे बघितलं. फर्निचर लेआउट म्हणून एक शीट असतं. पलंग कुठे, कपाट कुठे, टेबल कुठे, हे त्यात दाखवतात. मला सवय आहे, पलंगावर उशीसुद्धा काढते. छोटा चौकोन. ते शीट मी मिस्त्रींना इलेक्ट्रिकचे पॉइंट कळावेत म्हणून दिलं होतं. त्या शीटवर जिथे जिथे मी उशी काढली होती, त्या प्रत्येक उशीमागची भिंत भरलेली होती. बाकीची नाही.

सय्यद सरांनी गाडीतच बसून हिशोब केला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. अर्ध्या तासानं काच खाली केली.

"खालचा मजला आहे तसा ठीक आहे. राहणाऱ्या मुलींना धोका नाही. पण वर मजला मी देणार नाही."

"अजिबात?"

"ज्या वजनासाठी पाया ठेवला होता, त्यातलं बरंचसं खालीच खर्च झालंय. शिवाय ती भर सुटी आहे. भिंतीशी तिचा सांधा नाही. भूकंपात वजन वाढवते, ताकद वाढवत नाही. मी सही करणार नाही. तुम्हीही करू नका."

"काढता येईल?"

"आतला थर फोडून? मग भिंत कशावर उभी राहील?"

वरचा मजला गेला, हे मला तिथे कळलं. चोवीस नावं गेली. अप्पांना मी लगेच सांगितलं. ते म्हणाले, "मी घरोघर जाऊन शब्द दिलोय, म्याडम."

लिंबाजी मिस्त्री तेव्हा देगलूरच्या रस्त्याला एका मंगल कार्यालयाची कंपाउंड वॉल बांधत होते. गुरुवारी सकाळी मी एकटीच गेले. वय साठीच्या पुढे, अंगानं सुकलेले, पण हात अजून सरळ. ओळंबा न लावता त्यांची भिंत सरळ येते, हे मी स्वतः मोजून पाहिलेलं आहे. मला बघून त्यांनी थापी बादलीत टाकली.

"या बाई. लई दिवसांनी. चहा सांगू का?"

"नको. लिंबाजी, जळकोटच्या भिंती भरल्या तुम्ही?"

त्यांनी हात पाण्यात बुडवले, धुतले, टॉवेलला पुसले. टाळाटाळ करतील असं वाटलं होतं.

"हाव. भरल्या."

"कधी?"

"मजूर जेवायला बसले की. तुम्ही पंधरा दिवसाला यायचाव. तवर प्लास्टर व्हायचं."

"का?"

"पोकळ भिंतीच्या बुडाला लेकरू निजवायचं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत कधीच विचारलं नव्हतं. ते औशाच्या पलीकडच्या गावातले. त्र्याण्णवच्या भूकंपातलं गाव. घराच्या भिंती दगडी, दीड हात रुंद. बाहेरून किल्ल्यासारख्या. आमच्या अभ्यासक्रमात त्या भिंतीचं चित्र आहे: दगडाचे दोन थर, मधे माती आणि सुटे दगड. दोन थरांना एकत्र धरणारा लांब दगड घातलेला नसतो. हादरा बसला की थर सुटतात आणि भिंत पोट फुगून फुटते. मी हे परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत.

"मी तवा लातूरला स्लॅबच्या कामावर हुतो," लिंबाजी म्हणाले. "कळलं तसा पळत गेलो. पोरगी सात वर्षांची. तिच्या उशाकडली भिंत तिच्यावर पडली हुती. पायाकडली उभीच. त्या भिंतीला काय झालं नव्हतं. देवळीतला दिवा बी तसाच हुता."

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"दोन थर अन् मधी मोकळं. बाई, तुमच्या नकाशात तेच हुतं. इटा नव्या, एवढंच."

"तसं नाही, लिंबाजी. यात प्रत्येक ओळीत मधे मधे एक आडवी वीट असते. ती दोन्ही बाजू बांधून ठेवते. कोपऱ्यात सळई आहे..."

"आता सांगलालाव."

"तेव्हा का नाही विचारलंत?"

"इचारलं की. पैल्याच आठवड्यात. तुम्ही म्हणलाव, नकाशात हाय तसं करा."

मी नाही म्हणणार होते. मग थांबले. माझ्याकडे साइट व्हिजिटची वही असते, प्रत्येक भेटीची नोंद. ती गाडीत होती. जाऊन काढली. पहिल्या महिन्यातलं पान. मुद्दा सहावा, माझ्याच अक्षरात: 'मिस्त्रींची शंका: मधे पोकळ का ठेवायचे. उत्तर दिले.'

उत्तर दिले. काय दिलं ते लिहिलेलं नाही. मला आठवतही नाही. त्याच्यापुढे बरोबरची खूण आहे.

वही घेऊन परत आले तेव्हा ते पुन्हा विटा लावत होते.

"बाई, एक सांगा. पडंल का ते?"

"नाही. खालचं नाही पडणार. पण वर मजला चढवता येणार नाही. वजन झालं."

त्यांची थापी थांबली. "वर किती पोरी हुत्या?"

"चोवीस."

त्यांनी विटेवरचा जादा मसाला थापीनं खरवडला. मग पुन्हा खरवडला, जिथे काहीच राहिलं नव्हतं.

"मंग लिवा माझं नाव. लिंबाजीनं केलं म्हणून."

"आणि पुन्हा असं काम मिळालं तर?"

"पुन्हा भरीन," ते म्हणाले. रागानं नाही. विटांचा हिशोब सांगावा तसं.

पुढच्या सोमवारी उदगीरला अप्पांच्या आडतीवर बसले. त्यांच्यापुढे नगरपंचायतीचा अर्ज होता. वर काहीतरी हलकं, पत्र्याचं तरी उभं करता येईल का, असा त्यांचा विचार चालला होता. मी म्हटलं, पत्र्याखाली मे महिन्यात मुली झोपवायच्या असतील तर मी इतकी वर्षं केलं काय? ते म्हणाले, शाळा सुटण्यापेक्षा बरं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. त्यानं काही सुटलं नाही.

"काही बी करायचं म्हटलं तर आधी ॲज-बिल्ट लागतंय," अप्पा म्हणाले.

ॲज-बिल्ट म्हणजे इमारत कागदावर ठरवली तशी न दाखवता प्रत्यक्षात उभी राहिली तशी दाखवणारं ड्रॉइंग. त्यावर आर्किटेक्टची सही असते, आणि ठरवल्यापेक्षा वेगळं काही झालं असेल तर ते कोणी केलं, कशामुळे झालं याची नोंद असते.

"जुन्याच नकाशावर सही करा की. भिंत बाहीरनं तशीच दिसती."

"ते होणार नाही, अप्पा. उद्या कोणीतरी त्या कागदावर विश्वास ठेवून वर मजला चढवेल."

"मग खरं काढा. अन् मिस्त्रीचं नाव घाला. ह्या तालुक्यात तर सोडाच, पलीकडं देगलूरपतोर त्याला इटंला हात लावू देत न्हाई मी."

"त्यांनी मुलींसाठीच केलं."

"अक्का, मी बी पोरींसाठीच करलालो." अप्पा पहिल्यांदाच मला अक्का म्हणाले. "चोवीस घरी मी काय तोंड दाखवू? कुणाचं तर नाव लागंलच की कागदावर."

माझं नाव घाला, असं मी म्हणू शकले असते. वही माझ्या पिशवीतच होती. मी म्हटलं नाही. सध्यापुरतं संस्थेला एका ओळीचं पत्र दिलं: या पायावर वरचा मजला बांधू नये. खाली माझी आणि सय्यद सरांची सही. कारण लिहिलं नाही.

वरचा मजला रद्द झाला. पत्र्याचंही बारगळलं, कारण ॲज-बिल्टशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. रेखाताईंनी दोन दिवस बसून चोवीस घरी फोन केले. काही मुलींची नातेवाइकांकडे सोय झाली. काहींनी जवळच्या कुठल्यातरी शाळेत नाव घातलं. काही फोन लागलेच नाहीत. एका घरून उत्तर आलं, "बरं, मग राहू द्या शाळा." रेखाताईंनी ते रजिस्टरमध्ये शेऱ्यात जसंच्या तसं लिहिलं. मला पान दाखवलं, आणि रजिस्टर मिटलं.

खालच्या खोल्यांसाठी जमेल तेवढं केलं. बाहेरून चुन्याचा पांढरा हात दोनदा. खिडक्यांवर जास्तीचा छज्जा. पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींपुढे जाळी लावून घोसाळ्याचे वेल. फरक पडला, पण मला जेवढा हवा होता तेवढा नाही. मागच्या आठवड्यात गेले तेव्हा खिळे अजून होते. दोन ओढण्या होत्या.

या धंद्यात नवीन येणारी मुलं मला विचारतात, की शाश्वत बांधकामात सर्वांत महत्त्वाचं काय. पूर्वी मी दिशा, वारा, स्थानिक माल असं सांगायचे. आता सांगते, थापी ज्याच्या हातात आहे त्याला पहिल्या दिवशी विचारा की या भिंतीत त्याला भीती कशाची वाटते. आणि उत्तर दिलं असं वहीत लिहू नका. काय उत्तर दिलं ते लिहा. माझ्या साइट चेकलिस्टमध्ये हा आता सतरावा मुद्दा आहे. पहिला असायला हवा होता. पण छापील फॉर्म संपायचे आहेत.

जळकोटची यादी अशी. संस्थेला पत्र: झालं. चुना: झाला. छज्जे: झाले. वेल: लावले, दोन वाळले, पुन्हा लावले. चेकलिस्ट दुरुस्ती: झाली. लिंबाजींना नव्या साइटवर एक आडवी वीट हातात देऊन दाखवणं: झालं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं असं म्हणाले नाहीत.

ॲज-बिल्ट ड्रॉइंग, तळमजला: फाइल माझ्या कॉम्प्युटरवर उघडी असते. उशाकडच्या भिंतींना भरीव रेघोट्या मारायच्या, बस. दहा मिनिटांचं काम. रेघोट्या मारून झाल्यात. खाली 'बदल कोणी केला व कारण' असा रकाना आहे. तो रिकामा आहे.

बाकी.